ड्युटी लावायचं काम नव्याने आलंय? आधी दोन पाळ्यांमधलं अंतर बघा

पोलीस ठाण्यात ड्युटी लावायचं काम अंगावर आलं की नवा माणूस डोकी मोजतो, आणि तिथेच फसतो. पॉइंट म्हणजे जिथे चोवीस तास एक माणूस हजर लागतो ती जागा; तीन पाळ्यांचा एक पॉइंट म्हणजे वर्षाला 1095 पाळ्या. एका अंमलदाराच्या 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्ट्या काढा. रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा मिळून आणखी 60 धरा. उरले 253. म्हणजे एका पॉइंटला चार माणसंही पुरत नाहीत. तीन धरलीत तर पहिल्याच बंदोबस्ताला आठाचे बारा तास होतात. मुंबईत 2016 साली देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांची ड्युटी सुरू झाली. ती टिकवायची तर अडचण येते ती याच हिशेबाची.

पाळ्या पुढेच सरकवा: सकाळ, दुपार, रात्र. शरीराचं घड्याळ 24 तासांहून जरा लांब चालतं. उशिरा झोपणं निभतं, लवकर झोप येत नाही. सगळ्यात वाईट अदलाबदल म्हणजे रात्री 10 ला सोडून सकाळी 6 ला बोलावणं. कागदावर आठ तास विश्रांती. बदलापूरला राहणाऱ्याला त्यातले चार तास तरी झोप मिळते का, लोकलचा हिशेब घालून बघा. मध्ये किमान 11 तास सोडा.

रात्रपाळी सलग तीनच्या वर नको. पहाटे 3 ते 5 हा खरा घातवेळ: गाडीचा नंबर डायरीत उतरवताना 47 चे 74 होतात, आणि कोर्टात वकील नेमकं तेच पकडतो. सलग 17 तास जागा माणूस रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखा मंदावतो. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03. नाकाबंदीत ब्रेथ अ‍ॅनलायझर धरणाराच नापास! म्हणून मोबाइल व्हॅनच्या चालकांना आळीपाळीने 20 मिनिटं झोपू द्या. जास्त झोपला तर उठल्यावर गुंगी राहते, तेव्हा लगेच स्टिअरिंग नको. शेवटचा चहा पहाटे 3 च्या आत, नाहीतर घरी जाऊन डोळा लागत नाही.

रात्रपाळी करून सकाळी 11 ला साक्षीला उभं राहणं तर नेहमीचंच. समन्स आलं की तारीख ड्युटीच्या तक्त्यावर चढवा आणि आदली रात्र मोकळी ठेवा.

तक्त्यातला शेवटचा रकाना ठरलेल्या नाही, प्रत्यक्ष सुटलेल्या वेळेचा असू द्या. वाढीव माणसं मागायला वरिष्ठांपुढे तोच न्यायचा असतो.