भजनात तयार झालेल्या कानाने जगाचं संगीत ऐकताना या चुका टाळा

सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत गाण्याची ओढ असलेल्या कितीतरी मुलांचा कान भजनी मंडळात तयार होतो. पेटी, पखवाज, टाळ, बुवांनी टाकलेली ओळ आणि ती मागून उचलणारा कोरस. हा कान पक्का असतो. डबल बारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, बुवांनी चाल कुठून उचलली हे दोन ओळींत सांगणारी माणसं इथे गावोगावी भेटतात. पण जावा बेटावरचा गामेलान (गाँग आणि धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यांचा संच) किंवा झिंबाब्वेचं म्बिरा (अंगठ्यांनी छेडायच्या धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) लावलं, की हीच माणसं पाच मिनिटांत मोबाइल बाजूला ठेवतात. कान ओळखीचं काहीतरी शोधत राहतो आणि ते सापडलं नाही की थकतो. असं कुठे कुठे होतं आणि त्यावर काय करायचं, ते पाहू.

"हा तर आपला भैरव!"

ही चूक सर्वांत जास्त होते. अरबी किंवा तुर्की संगीतातला हिजाझ हा मकाम, म्हणजे तिथली रागासारखी स्वररचना, ऐकला की कोमल रिषभावरून शुद्ध गंधाराकडची उडी चटकन ओळखीची वाटते. 'भैरव' म्हणून आपण मोकळे होतो आणि पुढचं ऐकणं तिथेच थांबतं. मकाम हा तीन ते पाच स्वरांच्या छोट्या गटांनी बांधलेला असतो. गायक एका गटातून दुसऱ्यात जातो, मध्येच आधाराचा स्वर बदलतो, फिरून मूळ जागी येतो. भैरव धरून बसलेल्याला हा सगळा प्रवास बेसूर वाटतो. शिवाय रास्त, बयाती या मकामांत पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमध्ये कुठेच न सापडणारे स्वर लागतात. त्यांच्या जागा कशा मोजायच्या, सप्तकाचे २४ समान भाग मानायचे का, यावर १९३२ साली कैरोच्या अरब संगीत परिषदेत जाणकारांचंही एकमत झालं नाही.

गामेलानमधल्या स्लेंद्रो या स्वरमालेला पाच स्वर, म्हणून लोक भूप लावून बघतात. पण स्लेंद्रोत सप्तकाचे जवळजवळ सारखे पाच भाग असतात आणि प्रत्येक वाद्यसंच स्वतःपुरता सुरात लावलेला असतो. एका संचातलं वाद्य दुसऱ्यात बसेलच असं नाही. बालीत तर जोडीतली दोन वाद्यं मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात ठेवतात. त्यामुळे जो कंप उठतो तोच त्यांना हवा असतो.

उपाय म्हणून तानपुऱ्याचं ॲप बंद ठेवा आणि पेटीवर स्वर शोधू नका. एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून गळ्यातून काढा. गळ्याला पट्ट्या नसतात, त्यामुळे स्वर नेमका कुठे वेगळा आहे ते गाताना कळतं.

सम सापडत नाही

जावाच्या गामेलानमध्ये वजन शेवटाला असतं. चार मात्रांच्या गटात चौथी मात्रा जड, आणि सगळ्यात मोठा गाँग आवर्तन पुरं करतो. तिहाई समेवर येऊन पडते तेव्हा जे समाधान वाटतं, ते इथे गाँगच्या ठोक्यावर मिळू द्या आणि 'एक' त्याच्यानंतर मोजा.

म्बिराचा पेच निराळा. शोना लोकांच्या या वाद्यावर दोन वादक एकमेकांत गुंफलेले दोन भाग वाजवतात, कुशाउरा आणि कुत्सिन्हिरा. दोघांपैकी कुणीच एकटा वाजवत नसलेली तिसरीच चाल त्यातून ऐकू येऊ लागते. मला या संगीतातलं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं, आणि सम शोधण्याच्या नादात ते हातचं जातं. सोबत होशो, म्हणजे भोपळ्याचे खुळखुळे, चालू असतात. पायाचा ठेका त्यांच्यावर धरा. जाखडी नाचात पाय टाकलेल्यांना हे लवकर जमावं.

"खरखर येते, फाइल खराब दिसते"

फाइल ठीक आहे. म्बिराला शिंपले किंवा बाटल्यांची पत्र्याची बुचं मुद्दाम लावलेली असतात. तानपुऱ्याला जवारी हवी, तसा त्या वाद्याला तो झणकार हवा. आवाज स्वच्छ करणारे फिल्टर लावू नका. मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकू नका: रशियातल्या तुवा प्रांताच्या खोमेई या गायनप्रकारात एकच गायक खर्ज धरून त्यावर शिट्टीसारखा दुसरा स्वर काढतो, आणि त्या स्पीकरवर खर्ज जवळपास नाहीसा होतो. साधे हेडफोन पुरतात.

"हे अस्सल नाही"

बाहेरून आलेलं वाद्य दिसलं की असं म्हणून ऐकणं सोडू नका. स्पेनच्या फ्लामेंको संगीतातला काहोन हा लाकडी खोका गिटारवादक पाको दे लुसिया यांनी १९७०च्या दशकात पेरूहून आणला. आयरिश संगीतात बुझुकी हे तंतुवाद्य १९६०च्या दशकात ग्रीसहून आली. आपल्या भजनातली पेटीही मूळची युरोपातलीच.

नाव-गाव नसलेलं ऐकणं

'आफ्रिकन ड्रम्स, मन शांत करणारे तीन तास' अशा व्हिडिओंवरून काही शिकता येत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे घराण्यांचा २१ तारांचा कोरा हे वाद्य आणि झिंबाब्वेचं म्बिरा यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर आहे. कोण गातंय, कुठल्या गावात, कोणत्या साली, कशासाठी, हे लिहिलेलं ध्वनिमुद्रणच निवडा. मोझेस ॲश यांनी १९४८ साली सुरू केलेली फोकवेज ही ध्वनिमुद्रण कंपनी १९८७ पासून अमेरिकेच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे आहे, आणि तिच्या अल्बमसोबतच्या माहितीपुस्तिका संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आधी त्या वाचा. पूर्वजांच्या आत्म्यांना बोलावण्यासाठी बिरा विधीत म्बिरा रात्रभर वाजतं, हे कळलं की तीच तीच चाल का फिरते ते वेगळं सांगावं लागत नाही. शिमग्यात पालखी नाचते तेव्हाचा ढोल दोन मिनिटं ऐकून कुणी 'एकसुरी' म्हणालं, तर आपल्याला किती लागेल!

जवळचं सोडून थेट लांबचं धरणं

रायगडातल्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही बोलतात. याच किनाऱ्यावरच्या बेने इस्रायलींनी, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने, बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं केली. अशा ठिकाणी गेलात तर रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा, आणि नाही म्हणाले तर फोन खिशात ठेवा. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला, म्हणजे कातडं चढवलेल्या मातीच्या घटवाद्याला, वारसा वाद्याचा मान दिला. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं चढवत, आता कायद्याने ते बंद आहे आणि बकऱ्याचं वापरतात. आवाजातला फरक ऐकायचा असेल तर जुन्या वादकाशेजारी बसावं लागेल. त्यासाठी चतुर्थीच्या दिवसांत घुमट आरतीला जा.