जत्रेची चिल्लर: नाणी निवडायची, तोलायची आणि बँकेत भरायची कशी

सारंगखेड्याची यात्रा असो, धुळ्याची एकवीरा देवी असो की यावल तालुक्यातली मनुदेवी, गर्दी ओसरली की दानपेटी उघडते. त्याच सुमारास रसवंती, नारळ आणि खेळण्यांच्या दुकानांचे गल्लेही चादरीवर ओतले जातात. मोजायला बसलेली मंडळी बहुतेक वेळा नाण्यांचे किमतीप्रमाणे ढीग करतात आणि ढीग काट्यावर ठेवून आकडा काढतात. हिशेब बिघडतो तो तिथेच. एकाच किमतीची नाणी सध्या दोन-तीन वेगवेगळ्या वजनांची फिरतात, तर वेगळ्या किमतीची काही नाणी अगदी एकाच वजनाची आणि एकाच आकाराची आहेत. म्हणून नुसती किंमत बघून भागत नाही. नाणं कुठल्या मालिकेचं आहे ते आधी बघायचं, काटा नंतर.

गोंधळाचं मूळ

२०११ साली ₹ हे चिन्ह असलेली नवी मालिका आली तेव्हा नाण्यांचे आकार एक-एक पायरी खाली उतरले. त्याआधीचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅमचा होता. २०११च्या दोन रुपयांच्या नाण्याचा व्यासही २५ मिलिमीटर आणि वजनही ४.८५ ग्रॅमच. जुनं स्टीलचं ५० पैशांचं नाणं २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅमचं, आणि २०११चा रुपयाही नेमका तेवढाच. म्हणजे जुना रुपया आणि २०११चे दोन रुपये एकाच ढिगात गेले तर काटा ते कधीच दाखवणार नाही. १०० नाणी ४८५ ग्रॅमच भरतील, मग किंमत १०० रुपये असो, २०० असो की मधली काहीही. चाळणीसारखं काम करणारी, व्यासावर नाणी वेगळी करणारी साधी यंत्रंही इथे फसतात.

ही दोन नाणी बघूनच वेगळी करावी लागतात. जुन्या रुपयाच्या एका प्रकारावर मोठ्या १ च्या बाजूंना धान्याची कणसं आहेत, तर नंतरच्या एका प्रकारावर अंगठा वर केलेला हात. २०११च्या दोनवर आकड्यासोबत ₹ चिन्ह आणि फुलापानांची नक्षी असते. चादरीवर ओतताना जमेल तितकी नाणी आकड्याची बाजू वर ठेवून पसरा. एका माणसाला फक्त २५ मिलिमीटरची पांढरी नाणी निवडायला बसवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त पैशांची चूक इथेच होते, त्यामुळे ते सगळ्यात ताज्या डोळ्यांच्या माणसाकडे द्यावं.

२०१९ साली पुन्हा नवी मालिका आली. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या मदतीने केलेली ही नाणी अंध व्यक्तींना बोटांनी ओळखता यावीत अशी आहेत, म्हणजे किंमत वाढते तसं वजन वाढतं. रुपया २० मिलिमीटर व ३.०९ ग्रॅम, दोन रुपये २३ मिलिमीटर व ४.०७ ग्रॅम, पाच रुपये २५ मिलिमीटर व ६.७४ ग्रॅम, दहा रुपये २७ मिलिमीटर व ७.७४ ग्रॅम. वीसचं नाणंही २७ मिलिमीटरचंच आहे, पण ८.५४ ग्रॅमचं आणि बारा कोनांचं, शिवाय त्याच्या कडेला खाचा नाहीत. या मालिकेवर आकड्याजवळ धान्याची नक्षी आहे. २०२२ साली आलेली आझादी का अमृत महोत्सवाचं बोधचिन्ह असलेली नाणी मापाने याच मालिकेसारखी आहेत, ती वेगळी काढायची गरज नाही.

निवडण्याचा क्रम

आधी दहा आणि वीस हाताने काढून घ्या. दोन रंगांची नाणी ढिगात लगेच दिसतात. दहाचं कडं पिवळं आणि मध्य पांढरा, वीसचं याच्या उलट, कडं पांढरं आणि मध्य पिवळा.

मग चुंबक. जुन्या स्पीकरमधलं गोल चुंबक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ढिगावरून फिरवा. रुपया, दोन रुपये आणि ५० पैसे यांची स्टीलची नाणी वर उचलली जातात. ती ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियमच्या पोलादाची असतात. पिवळी पाचची नाणी खाली राहतात, कारण त्यांत ७५ टक्के तांबं, २० टक्के जस्त आणि ५ टक्के निकेल असतं. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढलं की नाणी आपोआप सुटतात. उघडं चुंबक वापरलं तर एकेक नाणं ओढून काढण्यातच वेळ जातो.

चुंबकाच्या दोन अडचणी आधीच माहीत असाव्यात. २००७च्या सुमाराचा लाटांच्या नक्षीचा पाच रुपया स्टीलचा आहे, तो एक-दोनच्या सोबत वर येतो. त्याचा व्यास २३ मिलिमीटर, म्हणजे २०१९च्या दोन रुपयांइतकाच, आणि रंगही पांढरा. हाताला मात्र तो जड लागतो, ६ ग्रॅमचा. उलट बाजूने, अकरा कोनांचा भारताच्या नकाशाचा जुना दोन रुपया आणि ९ ग्रॅमचा जाडजूड पांढरा पाच रुपया तांबं-निकेलचे आहेत, त्यामुळे ते खाली पिवळ्या पाचांतच राहतात. दोन्ही ढिगांवर एकदा हात फिरवून ही तीन नाणी बाजूला करा.

त्यानंतर स्टीलचा ढीग आकाराने पाडायचा: २०, २२, २३, २५ आणि २७ मिलिमीटर. २७ मिलिमीटरचे पांढरे म्हणजे २०११आधीचे मोठे दोन रुपये, त्यांतल्या काहींवर दोन बोटं दाखवणारा हात आहे. २२ मिलिमीटरच्या ढिगात रुपया आणि ५० पैसे मिसळलेले असू शकतात, तोही आकडा बघूनच पाडा. पिवळ्या पाचांचे दोन ढीग होतात: ६ ग्रॅमचे २३ मिलिमीटरचे जुने आणि ६.७४ ग्रॅमचे २५ मिलिमीटरचे नवे.

तोलण्याआधी धुणं

दुकानाच्या गल्ल्याला याची फारशी गरज नसते, पण दानपेटीतल्या नाण्यांना कुंकू, तेल, नारळाचं पाणी आणि अक्षता चिकटलेल्या असतात. शंभर नाण्यांवरचा तेलकट थर दोन-तीन ग्रॅम सहज वाढवतो, म्हणजे जवळपास एक रुपया जास्त दिसतो. कोमट पाण्यात भांडी घासायचा थोडा साबण टाकून नाणी दहा मिनिटं ठेवा, हाताने चोळा, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा आणि उन्हात कापडावर पूर्ण वाळवा. चिंच, लिंबू किंवा कुठलंही आम्ल वापरू नका. पाचच्या नाण्यातलं जस्त त्याने सुटतं आणि नाण्याला गुलाबी झाक येते. असं नाणं मग दुकानदार खोटं समजून परत करतो.

काटा

धान्याच्या दुकानातला मोठा काटा बऱ्याचदा ५ ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो. ३.०९ ग्रॅमचं नाणं त्याला कळतच नाही. किमान १ ग्रॅमचा टप्पा हवा. सराफाचा काटा मिळाला तर उत्तम. जळगावसारख्या सोन्याच्या बाजारात तो कुणाकडून मागून आणणं अवघड नाही.

रिकामी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणा. मग त्या ढिगातलीच शंभर नाणी हाताने दोनदा मोजून तोला आणि तो आकडा कागदावर लिहा. हा तुमचा नमुना. पुस्तकी वजनावर थेट जाऊ नये, कारण वापरून झिजलेली नाणी थोडी हलकी भरतात. नमुना पुस्तकी वजनाच्या जवळ आला की ढीग शुद्ध आहे असं समजा. १०० नाण्यांची ती वजनं अशी: २०१९च्या मालिकेत रुपयाचे ३०९ ग्रॅम, दोनचे ४०७, पाचचे ६७४, दहाचे ७७४, वीसचे ८५४. २०११च्या मालिकेत रुपयाचे ३७९, दोनचे ४८५, पाचचे ६००, दहाचे ७७१.

मालिका मिसळल्या तर किती फरक पडतो ते बघा. ५० नवे आणि ५० २०११चे रुपये एकत्र तोलले तर ३४४ ग्रॅम भरतात. ते ३.०९ने भागले तर उत्तर १११ येतं. शंभराच्या एका पिशवीत अकरा रुपयांची चूक, तीही नेहमी एकाच बाजूला, त्यामुळे पिशव्या वाढल्या तरी ती एकमेकांत मिटत नाही. दहाच्या नाण्यांत हा त्रास नाही. ७.७१ आणि ७.७४ हा फरक शंभर नाण्यांत ३ ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या नाण्याहूनही कमी. शंभराच्या पिशव्यांत ती मिसळली तरी चालतील.

एका वेळी शंभरपेक्षा जास्त तोलू नका. हजाराच्या ढिगात झिजेचा फरकच दोन-तीन नाण्यांइतका होतो.

खरं की खोटं

दहाच्या नाण्यावर दहा रेघा असतील तरच ते खरं, पंधरा असतील तर खोटं, हा समज काही आठवडे बाजारांत अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे. ₹ चिन्ह येण्याआधीच्या नाण्यावर पंधरा रेघा आहेत, नंतरच्यावर दहा, आणि दोन्ही सरकारी टांकसाळीचीच आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८मध्ये जाहीर केलं की तोवर दहाची १४ नमुन्यांची नाणी काढलेली आहेत आणि ती सगळी चालतात. ज्या दुकानदाराला खात्री हवी असेल त्याला हे शांतपणे सांगा, वाद घालून उपयोग नाही.

सालाखालची खूणही खऱ्या-खोट्याची नाही. ती टांकसाळ सांगते: ठिपका नोएडाचा, पत्त्यातल्यासारखी चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, आणि खूण नसेल तर कोलकाता. संशय घ्यावा तो मध्यभाग कड्यात हलत असेल, अक्षरांच्या कडा बोथट असतील किंवा वजन अर्ध्या ग्रॅमहून जास्त चुकत असेल तर.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनात नाहीत, ती वेगळी ठेवा. ५० पैसे मात्र आजही चालतात. जाड जुने पाच धातूच्या भावाने विकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. २०११च्या नाणे कायद्याने नाणं वितळवणं गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत कैदेची आहे. वैष्णोदेवीचं २०१२चं नाणं लाखात विकलं जातं अशा जाहिरातींपासूनही दूर राहा. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत शुल्क मागणाऱ्यांबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये सावध केलं आहे.

बँकेत

पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत शंभर नाणी भरा. रिझर्व्ह बँकेच्या बँकांना दिलेल्या सूचनांतही १०० नाण्यांच्या पिशव्या सोयीच्या म्हटल्या आहेत, आणि एक-दोनची नाणी वजनावर घ्यायलाही सांगितलं आहे. पिशवीवर किंमत, मालिका आणि वजन लिहा, उदाहरणार्थ "२ रु., २०११, ४८५ ग्रॅम". रोखपाल एखादी पिशवी फोडून बघेल, ती बरोबर निघाली की बाकीचं काम पटकन होतं. एका पिशवीत मालिका मिसळलेली सापडली तर सगळ्या पुन्हा मोजायला लागतात, म्हणून भरणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने एकमेकांचं काम तपासावं.

खात्यात नाणी भरायला रकमेची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती माणसामाणसांतल्या व्यवहाराला: एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी १००० रुपयांपर्यंत, ५० पैशांची १० रुपयांपर्यंत. त्याहून जास्त चिल्लर घ्यायची सक्ती घाऊक व्यापाऱ्यावर करता येत नाही. ओझ्याचाही अंदाज घ्या. दहा हजार रुपयांचे नवे पाच म्हणजे २००० नाणी, जवळपास साडेतेरा किलो. ते दोन कापडी पिशव्यांत विभागा, एकीत बंद तुटतो.

आठवडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका. शाखेला आदल्या दिवशी किती पिशव्या आणणार ते कळवलं तर काम सोपं होतं. तरीही नकार मिळाला तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करता येते. त्यासाठी मदतीचा क्रमांक १४४४८ आहे, आणि अर्जाची पोच सोबत लागते.