स्पॅकने बांधलेले वैज्ञानिक सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रांवर कसे पोहोचवावे

नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत डब्ल्यूआरएफ हे हवामान प्रारूप चालवू पाहणाऱ्या नव्या विद्यार्थ्याचे सुरुवातीचे कित्येक दिवस ते उभे करण्यातच जात. डब्ल्यूआरएफला नेटसीडीएफ (वैज्ञानिक विदा साठवण्याची लायब्ररी) लागते, नेटसीडीएफला एचडीएफ५ (तशीच एक लायब्ररी) लागते, शिवाय सगळ्यांची एमपीआय (अनेक प्रोसेसरांवर एकत्र काम करवणारी लायब्ररी) एकच असावी लागते. फोरट्रानच्या मॉड्यूल फायली तर ज्या कम्पायलरने (सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) तयार केल्या त्याच्याखेरीज दुसऱ्याला सहसा वाचता येत नाहीत. ही सगळी साखळी स्रोतापासून (सोर्स कोडपासून) बांधणारे स्पॅक हे साधन टॉड गॅम्ब्लिन यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू केले. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीतच लिहाव्यात.

स्पॅकचे भांडार गिटने क्लोन करून त्यातील सेटअप स्क्रिप्ट शेलमध्ये सोर्स केली की ते वापरता येते, त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. नंतर यंत्रावरचे कम्पायलर शोधण्यासाठी 'स्पॅक कम्पायलर फाइंड' चालवावे.

काहीही बांधण्याआधी 'स्पॅक स्पेक डब्ल्यूआरएफ बिल्ड_टाइप=डीएमपार ^ओपनएमपीआय' असे विचारावे आणि उत्तरादाखल येणारे अवलंबनांचे झाड शांतपणे वाचावे. त्यात ^ नंतर अवलंबन (इथे ओपनएमपीआय ही एमपीआयची एक आवृत्ती), @ नंतर आवृत्तीचा क्रमांक, % नंतर कम्पायलर, तर + आणि ~ नंतर चालू किंवा बंद ठेवलेले पर्याय दिसतात. एचडीएफ५ समोर '+एमपीआय' आहे की '~एमपीआय' हे इथेच पाहून घेतले, तर पुढचे कित्येक तास वाचतात.

आता एक एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे एकत्र बांधायच्या पॅकेजांचा स्वतंत्र संच, तयार करावे. त्यातील 'स्पॅक.वायएएमएल' फाइलमध्ये आपली मागणी असते आणि 'स्पॅक.लॉक'मध्ये त्या मागणीतून निघालेली नेमकी निवड असते. सहकाऱ्याला त्याच्या वेगळ्या यंत्रासाठी पहिली फाइल द्यावी. शोधनिबंधातील निकाल पुन्हा काढायचे असतील, तर दुसरीही जपून ठेवावी.

'स्पॅक एक्स्टर्नल फाइंड'ने यंत्रावर आधीच असलेली सॉफ्टवेअरे नोंदवता येतात आणि क्लस्टरच्या (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या) स्लर्मसाठी, म्हणजे कामांची रांग लावणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, तेच योग्य असते. मात्र अशा बाह्य गोष्टी बायनरी कॅशमध्ये (बांधून तयार असलेल्या पॅकेजांच्या साठ्यात) जात नाहीत, त्यामुळे बाहेर पाठवायच्या संचात त्या जितक्या कमी असतील तितके बरे.

वाटपातली खरी अडचण प्रोसेसरची असते, आणि ती आम्ही भर मे महिन्यात अनुभवली. नव्या वर्कस्टेशनवर सगळे विनातक्रार बांधले गेले, पण क्लस्टरमधील एका जुन्या नोडवर (संगणकावर) प्रारूप सुरू होताच 'इलीगल इन्स्ट्रक्शन' असा संदेश देऊन थांबले. स्पॅक आपण होऊन बांधणाऱ्या यंत्राचा प्रोसेसर ओळखते आणि त्याच्या खास सूचना वापरते. आमच्या जुन्या नोडवर एव्हीएक्स२ हा सूचनासंच नव्हता. म्हणून आपल्याकडचा सर्वांत जुना नोड आधी शोधावा आणि 'पॅकेजेस.वायएएमएल'मध्ये सर्व पॅकेजांसाठी त्याला झेपेल असे लक्ष्य (टार्गेट, म्हणजे ज्या प्रोसेसरसाठी बांधायचे तो प्रकार) लिहावे. इंटेलच्या हॅसवेल पिढीपासूनच्या सर्व्हरांना 'एक्स८६_६४_व्ही३' चालते, त्याआधीच्यांसाठी 'व्ही२' ठेवावे. वेगात थोडी घट होते, पण एकच संच सगळीकडे चालण्याचे मोल मला त्याहून मोठे वाटते.

दुसरी खबरदारी मार्गाच्या, म्हणजे डिस्कवरील फोल्डरच्या पत्त्याच्या, लांबीची. स्पॅक बांधलेल्या बायनरींमध्ये लायब्ररींचे पूर्ण मार्ग कोरून ठेवते आणि दुसरीकडे बसवताना ते बदलते. नवा मार्ग जुन्यापेक्षा लांब निघाला तर हा बदल अडू शकतो. यासाठी बांधण्यापूर्वीच 'कॉन्फिग.वायएएमएल'मध्ये 'पॅडेड_लेन्थ' १२८ अशी ठेवावी. नंतर ती सुचली तर सगळे पुन्हा बांधावे लागते.

यानंतर 'स्पॅक जीपीजी क्रिएट'ने स्वाक्षरीची किल्ली करावी, 'स्पॅक मिरर अॅड'ने सामायिक डिस्कवरील फोल्डर नोंदवावा आणि 'स्पॅक बिल्डकॅश पुश'ने संच तिथे ठेवावा. 'स्पॅक बिल्डकॅश अपडेट-इंडेक्स' विसरू नये, कारण सूची ताजी नसेल तर घेणाऱ्याच्या स्पॅकला नवे संच दिसत नाहीत. घेणाऱ्याला सार्वजनिक किल्लीही द्यावी.

शेवटी सर्वांत जुन्या नोडवर एका कोऱ्या खात्यातून 'स्पॅक इन्स्टॉल --कॅश-ओन्ली' चालवावे. या पर्यायामुळे काहीही स्रोतापासून बांधले जात नाही, त्यामुळे कॅशमध्ये राहिलेली उणीव लगेच उघडी पडते. बसवणे पूर्ण झाले की विदर्भाच्या छोट्या क्षेत्रासाठी सहा तासांचे प्रारूप चालवून निघालेली नेटसीडीएफ फाइल उघडून पाहावी, आणि मगच विद्यार्थ्यांना मार्ग कळवावा.