जुन्या टीव्ही गेमला एव्ही जोडणी आणि सागवानी पेटी

कॅसेट लावून खेळायचे जे टीव्ही गेम १९९०च्या दशकात आपल्याकडे विकले गेले, त्यांतील पुष्कळसे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिली कॉम्प्युटरच्या नकला होत्या. त्यांतल्या अनेकांचे चित्र केवळ अँटेनाच्या सॉकेटमधून टीव्हीत जाई. असा संच नव्याने वापरायचा असेल तर आधी चित्राचे काम, म्हणजे एव्ही (चित्र व ध्वनीच्या वेगवेगळ्या तारांची) जोडणी, करावे आणि पेटी नंतर बांधावी, कारण सॉकेट कोठे येणार हे ठरल्याशिवाय लाकडाला भोके पाडता येत नाहीत.

सुरुवातीला अडॅप्टरचे व्होल्टेज आणि पिनची दिशा मल्टिमीटरने तपासावी. मूळ फॅमिली कॉम्प्युटरच्या पिनचा मध्य ऋण होता, परंतु नकलांमध्ये दोन्ही प्रकार आढळतात आणि उलट जोडणीने बोर्ड जळू शकतो.

संच उघडल्यावर पत्र्याची एक छोटी डबी दिसते. तो आरएफ मॉड्युलेटर असून त्यात साधारणपणे ५ व्होल्ट, ग्राउंड, ध्वनी आणि चित्र अशा चार जोडण्या जातात. चित्र व ध्वनी एका वाहक लहरीवर चढवून टीव्हीकडून पुन्हा उतरवून घेण्याच्या या प्रवासातच मुंग्या आणि खरखर शिरते, म्हणून चित्राची तार डबीत शिरण्यापूर्वीच सोडवून पिवळ्या आरसीए सॉकेटपर्यंत न्यावी. काही बोर्डांवर एवढ्यानेच नीट चित्र येते. न आल्यास, म्हणजे ते फिके पडल्यास किंवा हलत राहिल्यास, सिग्नलला आधार देणारा एक ट्रान्झिस्टर लागतो. बीसी ५५७ घ्यावा: चित्राची तार बेसला, कलेक्टर ग्राउंडला आणि एमिटर १५० ओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टला जोडावा. एमिटरवरूनच २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक एमिटरकडे ठेवून, आणि त्यापुढे ७५ ओहमचा रेझिस्टर लावून सिग्नल सॉकेटला द्यावा. ध्वनीची तार १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पांढऱ्या सॉकेटला न्यावी. हे सर्व भाग नागपुरातील सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किरकोळ किमतीत मिळतात.

या सुधारणेची मर्यादाही ध्यानात घ्यावी. या संचांतील चित्राची चिप रंग आणि उजेड एकत्र करूनच बाहेर देते, त्यामुळे साध्या जोडणीने तिच्यातून आरजीबी (लाल, हिरवा व निळा यांचे वेगवेगळे सिग्नल) काढता येत नाही. सेगाच्या मेगा ड्राइव्हचे तसे नाही. त्याच्या मागच्या सॉकेटवर आरजीबी मुळातच उपलब्ध असते आणि तेथे योग्य केबल व कन्व्हर्टर एवढ्यावर काम भागते, संच उघडावाही लागत नाही. एव्हीचे एचडीएमआय करणारी स्वस्त डबी मात्र माझ्या मते घेऊच नये, कारण ती चित्र धूसर करते आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा दिसते. टीव्हीला एव्ही इनपुट असेल तर तेच वापरावे आणि चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे.

पेटीसाठी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए हे प्लास्टिक वापरण्याचा मोह होतो, पण ते साधारण ६० अंशांना मऊ पडते आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा गच्चीलगतच्या खोलीत अशी पेटी वाकण्याची शक्यता राहते. त्यापेक्षा लकडगंजातल्या लाकूडबाजारातून सागवानाचे उरलेले तुकडे आणावेत. बाजू १२ मिलिमीटर जाडीच्या आणि तळ ६ मिलिमीटर प्लायवूडचा ठेवला तरी पुरे. संचातील ७८०५ रेग्युलेटर अडॅप्टरच्या ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात टाकतो. ०.४ अँपिअर विजेला ही उष्णता १.६ वॅट होते. म्हणून त्याला ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावावा, नेमक्या त्याच्या खाली तळाला आणि वर मागच्या फळीला भोके पाडावीत, आणि पेटीला रबरी पाय द्यावेत.

सर्वाधिक काळजी कॅसेटच्या खाचेची घ्यावी लागते. कॅसेट दाबताना सगळा जोर ६० पिनांच्या कनेक्टरवर येतो, म्हणून बोर्ड केवळ कोपऱ्यांतील स्क्रूंवर न टांगता कनेक्टरच्या अगदी खाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा. वरच्या फळीतील खाच प्रथम पुठ्ठ्यात कापून, कॅसेट सरळ उतरते याची खात्री झाल्यावरच लाकडावर आखावी. पॉलिश मात्र बोर्ड बसवण्यापूर्वी करून पूर्ण वाळू द्यावे.

तयार संच कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. कूलरमधून उडणारे तुषार कनेक्टरवर क्षार सोडतात, आणि मग कॅसेट कितीही फुंकली तरी पडदा कोराच राहतो. असे झाल्यास पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळल्यावरच वीज द्यावी.