पावसाळ्यानंतरच्या कुंड्या: आधी भोक, मग माती, शेवटी रोप

पाऊस उघडला की नाशिककडच्या द्राक्षवाल्यांच्या घरात ऑक्टोबर छाटणीशिवाय दुसरा विषय नसतो. मजूर, छाटलेल्या काड्यांना लावायची पेस्ट, फवारणी, पुन्हा मजूर. ओट्याखालच्या कुंड्यांकडे चार महिन्यांत कोणी ढुंकूनही बघितलेलं नसतं. एकीत गाजर गवत माजलंय, दुसरीत सदाफुलीचा काटका उरलाय, तिसरीत पाखरांच्या विष्ठेतून आलेला वीतभर पिंपळ. शहरात सोसायटीच्या गेटपाशी मांडलेल्या सिमेंटच्या कुंड्यांची कथाही वेगळी नाही. मग दिवाळी तोंडावर आली की कोणीतरी गाडी काढून फुललेली शेवंती घेऊन येतं, जुन्या मातीत खोचतं आणि देवदिवाळीपर्यंत तिने मान टाकलेली असते. नाव मात्र रोपवाटिकेचं खराब होतं.

हे काम दसऱ्याच्या आसपास हाती घ्या. खर्च थोडा आहे, पण क्रम चुकवू नका.

पहिलं म्हणजे कुंड्या कमी करा. वीस कुंड्यांत एकेक रोप लावलं तर कुठेच काही दिसत नाही. आठ धड कुंड्या निवडून दारापाशी एकत्र मांडल्या आणि दाट लावल्या, तर रस्त्यावरून जाणारा थांबून बघतो. उरलेल्या पालथ्या घालून ठेवा. उताण्या राहिल्या तर पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.

आता भोक. कुंडीत तांब्याभर पाणी ओता आणि बघत राहा. पाच मिनिटांनीही वर डबकं दिसत असेल तर खालचं भोक मुळांनी किंवा गाळाने बुजलंय. कुंडी आडवी करून सळईने मोकळं करा. पण याउलट पाणी ओतल्या ओतल्या खालून वाहून गेलं, तर निचरा चांगला आहे म्हणून खूश होऊ नका. आपली काळी माती वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते. पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो. रोज पाणी घालूनही झाड वाळलं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या कुंड्यांत मी बहुतेक वेळा हेच बघितलंय. भोकावर खापराचा एक बाकदार तुकडा पालथा ठेवला की पुरे. तळाला चार बोटं खडी भरायची पद्धत मला पटत नाही. तिने निचरा वाढत नाही, मुळांची जागा तेवढी जाते.

जुनी माती फेकू नका. ताडपत्रीवर ओतून ऑक्टोबरच्या उन्हात आठवडाभर पसरा, ढेकळं फोडा, मुळांच्या जटा वेचून काढा. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसली तर ती हुमणी असू शकते, वेचून मारा. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती येते, म्हणून खत पूर्ण कुजलेलंच घ्या. जुन्या मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, आहेत. ती माती उन्हात तापवून तिच्यात झेंडूच लावा. झेंडूच्या मुळांपुढे सूत्रकृमींचं फारसं चालत नाही. पिंपळ उपटायला घरातली मोठी माणसं राजी नसतात. माती ओली करून तो मुळासकट अलगद काढा आणि ओढ्याकाठी मोकळ्या जागेत लावा, कोणाचं मन दुखत नाही.

वाळवलेली माती तीन घमेली, शेणखत किंवा गांडूळखत एक घमेलं आणि भुसभुशीतपणासाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा भाताची तूस एक घमेलं. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे कोणी ओळखीचं असेल तर भातगिरणीतून तूस स्वस्तात मिळते. नाही तर पाच किलोची कोकोपीटची वीट भिजून साधारण ७० लिटर होते, बारा इंची वीसेक कुंड्यांना ती पुरते. प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड घाला. सिमेंटची मोठी कुंडी असेल तर सगळी उपसू नका. निचरा ठीक असेल तर वरची नऊ-दहा इंच माती बदलली तरी हंगामी फुलझाडांचं भागतं.

एवढं झाल्यावर रोपं आणायला निघा. फुललेली कुंडी महाग पडते, ट्रेमधलं चार-सहा पानांचं रोप तिच्या कितीतरी पट स्वस्त असतं आणि नव्या मातीत लवकर रुजतं. गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव पट्ट्यात टोमॅटोची रोपं करणाऱ्या रोपवाटिकांत झेंडूही ट्रेमध्ये मिळतो, कारण टोमॅटोत तो सापळा पीक म्हणून, म्हणजे कीड त्याच्याकडे ओढली जावी म्हणून, लावतात. बारा इंची कुंडीत बुटक्या झेंडूची तीन रोपं, पिटुनियाची तीन, पॅन्सीची पाच. एका कुंडीत एकच जात आणि शक्यतो एकच रंग. लावणी संध्याकाळी, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना. आठ-दहा दिवसांनी पिटुनियाचा आणि उंच झेंडूचा शेंडा खुडा. जीवावर येतं, पण फुटवे त्यानेच फुटतात.

बियांपासून करायचं तर झेंडूला लावल्यापासून फुलं यायला दोन महिने धरा, म्हणजे दसऱ्याचं बी दिवाळीला फुलत नाही, नाताळला फुलतं. तोरणातल्या फुलांचं बीही लोक टाकतात. त्यातलं बरंच कच्चं असतं, आणि संकरित वाणाचं असेल तर फूल तसंच येईल याचा नेम नाही. फुकटचं आहे म्हणून एका कोपऱ्यात टाकून बघायला हरकत नाही.

निफाडकडच्यांनी थंडीचा विचार आधीच करावा. तिथे पारा किती उतरतो हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. झिनिया, कोलियस, सदाफुली त्या गारठ्यात आखडतात. पॅन्सी, पिटुनिया, डायन्थस, ॲलिसम यांना मात्र तीच हवा मानवते. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी पानं भिजवून ठेवलीत तर रोगाला आमंत्रण.

द्राक्षवाल्यांच्या घरात खत असतंच. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत. कळी धरल्यावर ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं खत) त्याच प्रमाणात. बागेला चालतं म्हणून मूठभर टाकाल तर पानांच्या कडा करपतील. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर मातीवर पांढरा थर येतो. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी खालून वाहेपर्यंत धुऊन काढा.

मावा, फुलकिडे दिसले तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात साबणाचे चार थेंब. फक्त पंप कोणता घेताय ते बघा. मी एकदा तणनाशकाचा पंप नुसता विसळून पिटुनियावर निंबोळी तेल मारलं होतं. तिसऱ्या दिवशी शेंडे वेटोळे झाले, पानं चमच्यासारखी वळली, आणि दारातल्या सहाही कुंड्या उपटून टाकाव्या लागल्या. तेव्हापासून फुलांसाठी दोन लिटरचा वेगळा हातपंप आहे, त्यावर लाल रंगाने मोठं फूल काढून ठेवलंय.

शेवंती विकत आणलीच असेल तर फुलं सरल्यावर फेकू नका. चार बोटं ठेवून छाटा आणि उन्हाळ्यात सावलीत, बेताच्या पाण्यावर जगवा. बुडातून काश्या, म्हणजे मुळाशी येणारे नवे फुटवे, फुटतात. पाऊस सुरू झाला की त्या सुट्या करून लावल्या म्हणजे पुढच्या दिवाळीला तेवढी रोपं विकत आणावी लागत नाहीत.