खापराची फुटलेली कड कशी वाचावी

जुन्या मडक्याचा तुकडा पाहिला की नजर आधी नक्षीवर जाते. नक्षी थोडी थांबू शकते. कुंभाराने माती कशी घेतली, तिच्यात काय मिसळलं आणि ती किती भाजली, हे फुटलेल्या कडेला उघडं पडलेलं असतं.

सरावासाठी प्राचीन जागेवरचं खापर उचलू नका. ते कुठे पडलं होतं, ही माहिती उचलताक्षणी हरवते. बिनरंगाच्या कुंडीचा तुकडा, दहापट दाखवणारं भिंग, वजनकाटा आणि थोडं व्हिनेगर एवढं पुरे.

पहिल्यांदा पकडीने छोटा कपचा तोडा आणि ताजी कड भिंगाखाली धरा. मातीत कण दिसतील. ते टोकदार आहेत की गोल, सगळे एकाच आकाराचे आहेत का, ते बघा. एकसारखे, टोकदार कण बहुधा मुद्दाम कुटून, चाळून घातलेले असतात. लांबट पोकळ्या दिसल्या तर तिथे तूस किंवा गवत होतं, ते भट्टीत जळून गेलं. अशी माती वाळताना कमी तडकते आणि भांडं हलकं होतं, पण पाझरतंही जास्त.

वाळूचं गणित जरा उलटं आहे. वाळूतला क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) ५७३ अंश सेल्सिअसला एकदम फुगतो आणि थंड होताना भोवतालच्या मातीपेक्षा जास्त आकसतो. त्यामुळे कणाभोवती बारीक फटी राहतात. भांड्याची ताकद कमी होते हे खरं. पण विस्तवावर एखादा तडा सुटला, तर तो या फटींत अडखळून तिथेच थांबतो. भरपूर वाळूचं भांडं आपटलं तर लवकर फुटेल, पण रोज चुलीवर चढूनही टिकेल. ते 'ओबडधोबड' म्हणून कमी लेखणं मला म्हणूनच पटत नाही.

पांढरे पापुद्रे दिसले तर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर ते शिंपले किंवा चुनखडी असू शकतात. (जमिनीत गाडलेल्या खापरावर नंतरही चुना साचतो, तेव्हा लगेच निष्कर्ष नको.) उत्तर अमेरिकेत मिसिसिपी खोऱ्यातल्या कुंभारांनी इ.स. ८०० नंतरच्या काळात कुटलेल्या शिंपल्यांचा मोठा वापर केला. तिथली चिकट माती त्याने हाताळण्याजोगी झाली, आणि चपटे तुकडे तडे अडवू लागले. मात्र भट्टी फार तापली की शिंपल्याचा कळीचा चुना होतो. तो पुढे हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि भांड्याचे पोपडे उडतात. म्हणजे भर (मातीत मिसळायची वस्तू) ठरली की आचेची मर्यादाही ठरली. ती ओलांडायची तर मातीत मीठ घालणं हा एक उपाय होता.

आता कडेचा गाभा. मध्ये काळा पट्टा आणि दोन्ही बाजूंना तांबूस रंग असेल, तर मातीतला कार्बन पुरता जळला नाही. भाजणं थोडक्यात उरकलं असावं.

पाझर मोजायला कोरड्या तुकड्याचं वजन करा, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणा. ही शोषणाची टक्केवारी. पाझरणारी भिंत पाणी गार ठेवते, कारण बाहेर आलेलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. तोच गुण शिजवताना आड येतो: पाझर जास्त असेल तर आतल्या पाण्याला उकळी फुटणं कठीण होतं. मग आतून राळ फासून किंवा धुराने काजळून भिंत बंद करायची.

शेवटी जाडी आणि वळण पाहा. पातळ भिंत आतून-बाहेरून जवळजवळ एकाच वेळी तापते, आणि गोल बुडाला ताण साचेल असा कोपरा नसतो, म्हणून तडे कमी जातात.

मात्र प्रत्येक खूण गुणधर्माच्या खात्यात टाकू नका. तडे अडवायला वाळूही चालते आणि शिंपलेही. त्यातलं काय निवडायचं, हे जवळ काय मिळतं आणि कुंभार कुणाच्या हाताखाली शिकला यावरही ठरत असे. म्हणून उत्खननात एकाच थरातून निघालेली दहा-वीस खापरं शेजारी मांडून पाहावी लागतात. काजळी धरलेल्या तुकड्यांत एक भर आणि साठवणीच्या तुकड्यांत दुसरी असेल, तर कुंभार भांड्याचं काम बघून माती मळत होता असं म्हणायला आधार मिळतो.