फोनला ‘बॅटरी सेफ्टी अपडेट’ आलं तर काय करावं?

अपडेटची सूचना आली की आपण न वाचताच ‘इन्स्टॉल’ दाबतो. बॅटरीच्या बाबतीत एवढी घाई नको. २०२५ च्या जुलैत गूगलने आपल्या पिक्सेल ६ए या फोनसाठी सक्तीचं अपडेट आणलं. चार्जिंगची ४०० आवर्तनं झाली की बॅटरीची क्षमता आणि चार्जिंगचा वेग आपोआप कमी होणार, म्हणजे ती जास्त तापण्याचा धोका घटणार. त्याबरोबरच पात्र ग्राहकांना मोफत नवी बॅटरीही देऊ केली. हे दुसरं लोकांच्या लक्षात येत नाही, आणि हक्काचं तेच असतं.

म्हणून आधी सूचनेचा स्क्रीनशॉट घ्या. *#०६# डायल करून आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून ठेवा आणि आपला फोन यादीत आहे का, ते कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर तपासा. मेसेजमधून आलेल्या लिंकवर मात्र टिचकी मारू नका. २००७ साली नोकियाने जास्त तापणाऱ्या बीएल-५सी बॅटऱ्या बदलून दिल्या तेव्हाही असंच होतं, बॅटरीवरचा २६ अक्षर-अंकांचा नंबर तपासूनच ती बदलून मिळायची की नाही ते कळायचं.

मग फोन नीट बघा. कव्हर काढा, फोन उजेडाकडे आडवा धरा आणि काच व चौकट यांच्यात फट पडली आहे का ते पाहा. माझ्या आईच्या फोनची पाठ भाकरीसारखी टम्म फुगली होती, जाड कव्हरमुळे कितीतरी दिवस कुणाला पत्ताच नाही! रात्री तो तिच्या उशाशी चार्जिंगला असायचा, हे आठवलं की आजही धस्स होतं. असं दिसलं तर चार्जिंग तिथेच थांबवा, फोन बंद करा. दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

फोन ठीक दिसत असेल तर फोटो, नंबर यांचा बॅकअप घ्या आणि अपडेट करा. टाळू नका. पण अपडेटने बॅटरीतला दोष जात नाही, धोका फक्त आवाक्यात राहतो. २०१६ मध्ये सॅमसंगचे नोट ७ फोन बॅटरीमुळे पेटत होते, बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा कंपनीला उत्पादनच थांबवावं लागलं.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर जॉबशीट, म्हणजे तक्रार नोंदवल्याची पावती, घ्याच. त्यावर ‘चार्जिंग प्रॉब्लेम’ असं मोघम लिहिलं तर सही करू नका, ‘बॅटरी फुगली’ किंवा ‘अपडेटनंतर बॅटरी टिकत नाही’ असं स्पष्ट लिहून घ्या. ‘वॉरंटी संपली’ म्हणाले तर ते उत्तर ईमेलवर मागा.

तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. सदोष मालामुळे इजा किंवा नुकसान झालं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार उत्पादकावर जबाबदारी येते. धोक्याची पुरेशी सूचना न देणं हाही त्यात दोषच. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. बिल हरवलं असेल आणि फोन ऑनलाइन घेतला असेल, तर त्या अ‍ॅपमधल्या जुन्या ऑर्डर उघडा, बिल बहुतेक तिथेच सापडेल.